लॅपटॉपचा कीबोर्ड बदलताय? या चुका टाळा

कीबोर्ड बदलणं जमण्यासारखं काम आहे. फसतं ते बहुतेक दोन जागी: न बसणारा कीबोर्ड मागवला जातो, नाहीतर मदरबोर्डवरचं (लॅपटॉपच्या मुख्य सर्किट बोर्डवरचं) रिबनचं, म्हणजे कीबोर्डच्या चपट्या केबलचं, लॉक तुटतं. पहिल्या चुकीत पैसे जातात, दुसरीत मदरबोर्डवर सोल्डरिंगचं काम निघतं.

पण त्याआधी, बिघाड खरंच कीबोर्डचा आहे का ते बघा. छोट्या लॅपटॉपवर ‘यू’ दाबल्यावर ४ आणि ‘जे’ दाबल्यावर १ उमटत असेल, तर फक्त नम लॉक चालू आहे. विंडोजमध्ये उजवं शिफ्ट ८ सेकंद दाबून धरलं तर फिल्टर कीज चालू करायचं का असं विचारलं जातं. चुकून ‘हो’ म्हटलं गेलं की भरभर टाइप केलेली अक्षरं उमटतच नाहीत. यूएसबी कीबोर्ड लावून बघा. त्यावरही त्याच अक्षरांना तोच त्रास असेल, तर नवा कीबोर्ड घेऊ नका, सेटिंग तपासा.

चहा सांडल्यानंतर कीबोर्ड बदलायचा असेल, तर आधी लॅपटॉप उघडून मदरबोर्ड साफ करून घ्या. आत गंज धरला असेल तर नवा कीबोर्डही काही दिवसांत तसाच वागायला लागेल.

आता खरेदी. नुसतं ‘एचपी पंधरा इंच’ सांगून कीबोर्ड मागू नका. लॅपटॉपच्या खालच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर घ्या, आणि जमलं तर जुना कीबोर्ड काढून त्याच्या मागचा पार्ट नंबरही. एंटरचा आकार, पॉवर बटण कीबोर्डवरच आहे का, रिबन कुठून निघते आणि किती रुंद आहे, हे फोटो शेजारी ठेवून जुळवा. बॅकलाइट असेल तर बऱ्याचदा दुसरी बारीक रिबन असते. ती जोडायला मदरबोर्डवर जागाच नसेल, तर बॅकलाइटचा कीबोर्ड घेऊन दिवे लागणार नाहीत.

तो बसवलाय कसा, हेही आधी कळायला हवं. डेल इन्स्पिरॉन ३५४२ चा कीबोर्ड वरच्या कडेच्या खाचा दाबून वरूनच निघतो. हल्लीच्या बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये मात्र तो प्लास्टिकच्या वितळवलेल्या खुंट्यांनी सी पॅनलला (कीबोर्डभोवतीच्या, तळहात टेकतात त्या वरच्या पॅनलला) कायमचा चिकटवलेला असतो. खुंट्या कापून, पुन्हा वितळवून बसवता येतो, पण मधला भाग टाइप करताना दबायला लागतो. माझं स्पष्ट मत आहे की अशा वेळी कीबोर्डसकट सी पॅनलच घ्यावा. महाग पडतो, पण टिकतो.

लॅपटॉप बंद केला म्हणजे वीज गेली असं नाही. चार्जर काढा, खालचं झाकण उघडून बॅटरीचा कनेक्टर सोडवा, पॉवर बटण थोडा वेळ दाबून धरा, मगच रिबनला हात लावा. स्क्रू ज्या जागेचा त्या जागेच्या चित्रावर चिकटवून ठेवा. आखूड स्क्रूच्या जागी लांब स्क्रू गेला तर तो पॅनल फोडून वर येतो.

रिबनपाशी घाई करू नका. लॉक दोन प्रकारची असतात. एक पट्टी नखाने वर उचलायची, दुसरी दोन्ही टोकांना थोडी थोडी करत बाहेर सरकवायची. नीट उजेडात बघून प्रकार ओळखा. उचलायची पट्टी ओढली, किंवा सरकवायची उचलली, की ती तुटते. लॉक सुटल्याशिवाय रिबन खेचायची नाही. नवी रिबन सरळ आत सरकवा. तिच्यावरची आडवी रेघ कनेक्टरच्या कडेला समांतर दिसली पाहिजे; एका बाजूला जास्त दिसत असेल तर ती तिरकी बसली आहे. सगळं झाकण्याआधी बॅटरी जोडून एकेक बटण तपासा.

काही ठराविक बटणांचा गटच चालत नसेल, तर कीबोर्ड खराब म्हणून परत पाठवू नका. बटणं आडव्या-उभ्या ओळींच्या जाळीत जोडलेली असतात, त्यामुळे रिबनचा एक संपर्क सुटला तरी अख्खी ओळ बंद पडते. बॅटरी सोडवून रिबन पुन्हा बसवा. शिफ्ट आणि २ दाबल्यावर @ ऐवजी अवतरणचिन्ह येत असेल, तर विंडोजमध्ये यूके लेआउट (ब्रिटिश कीबोर्डची बटणांची मांडणी) निवडला गेला आहे, तो बदला. आणि पॉवर बटण कीबोर्डवरच असलेला लॅपटॉप सुरूच झाला नाही, तर मदरबोर्ड गेला असं समजण्याआधी तीच रिबन काढून परत लावा.