स्तरविज्ञान नव्याने शिकताय? आधी खड्डा ओळखायला शिका

नुकतीच आर्किऑलॉजीला अॅडमिशन घेतलेल्यांसाठी लिहितेय, जिऑलॉजीवाल्यांनीही वाचा, घोळ दोघांचा एकाच जागी होतो. खालचा थर जुना, वरचा नवा हे १६६९ सालचं स्टेनोचं तत्त्व तुम्हाला पाठ असणारच. केकच्या थरांचं उदाहरण मात्र डोक्यातून काढून टाका, कारण केकमध्ये कोणी वरून खड्डा खणून मडकं पुरत नाही.

तर खड्डा. माझं पहिलं वर्ष याच एका गोष्टीने खाल्लं म्हणून पाल्हाळ लावतेय, सहन करा. इनामगाव घ्या, शिरूर तालुक्यातलं, घोडनदीच्या काठचं. तिथे जोर्वे काळात, म्हणजे ताम्रपाषाण युगातल्या जोर्वे संस्कृतीच्या वेळी, लहान मूल गेलं की दोन कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे, आत ते मूल, आणि हे घराच्याच जमिनीखाली पुरायचं. आता कुंभ बसलाय कुठे, तर जुन्या थरात, आजूबाजूला सगळी जुनी खापरं. टेप लावून खोली मोजलीत तर तो जुन्यात जमा होणार, पण आहे तो वरच्या जमिनीवर राहणाऱ्यांचा! म्हणून खड्ड्याचा तळ सोडा, त्याचं तोंड शोधा. तोंड ज्या थरातून फुटलंय त्याच्यानंतरचा खड्डा, आणि तोंडावरून जो अखंड थर गेलाय त्याच्या आधीचा. हे दोनदा वाचा, गरज पडली तर तिसऱ्यांदा. आणि खड्डा बुजवताना तीच उकरलेली माती परत ढकलतात, त्यामुळे भरावात जुनी खापरं ढिगाने मिळतात आणि आपण खूश होतो. वय ठरवताना भरावातली सगळ्यात नवी वस्तू धरायची, भराव तिच्या आधीचा असूच शकत नाही.

मोहेंजोदारोत एका काळी ठरावीक पातळीपासून फूट मोजून नोंदी झाल्या, व्हीलर १९४४ मध्ये पुरातत्त्व खात्याचा प्रमुख झाला तेव्हा त्याने या पद्धतीवर सडकून टीका केली आणि त्याच वर्षी तक्षशिलेला तरुणांना थरांप्रमाणे खणायला शिकवलं. म्हणजे मोठमोठ्यांचंही इथेच अडलंय, तुम्ही लगेच खचू नका.

पण दिसतो कसा हा खड्डा? पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या पांढुरक्या मातीच्या टेकाडात बऱ्यापैकी दिसतो, काळ्या मातीत काळाच भराव असला की डोळे फुटतात. सेक्शन, म्हणजे खणलेल्या चराची उभी बाजू, ट्रॉवेलने (छोट्या थापीने) ताजा खरवडा, पाण्याचा हलका फवारा मारा आणि थांबा, भराव वेगळ्या वेगाने वाळतो आणि कड उमटते. सकाळच्या तिरक्या उन्हात बघा, भर दुपारी नाही. ट्रॉवेलचा आवाजसुद्धा बदलतो. हे मला ट्रेंचवर (चरात) खणायचं काम करणाऱ्या एका मामांनी दाखवलं, "ताई, हितं भुसभुशीत लागतंय बघा" एवढंच म्हणाले आणि बरोबर निघाले. माझं स्पष्ट मत आहे, जे सर स्वतःच येऊन भराभर रेघा ओढून देतात त्यांच्यापेक्षा असे मामा धरा. सर चांगलेच असतात हो, पण रेघ त्यांची होते आणि तुम्ही कोरडेच राहता.

काळ्या मातीचा अजून एक त्रास, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि मणी किंवा बारीक खापर सरळ खाली जातं. खालच्या थरात एकटाच मणी मिळाला म्हणून थिसिसचा विषय बदलू नका प्लीज.

जिऑलॉजीवाल्यांचा खड्डा म्हणजे सिल, आधीच्या थरांत नंतर घुसून थिजलेला शिलारस. त्याच रसाचा डाइक थर कापत उभा जातो, तो कळतो. सिल मात्र थरांना समांतर घुसते आणि साळसूदपणे मधल्या थरासारखी दिसते, असते ती वरच्या थरापेक्षाही नवी. लाव्ह्याचा प्रवाह फक्त खालचं भाजतो, सिल वर-खाली दोन्हीकडे भाजते, तेव्हा दोन्ही कडा तपासा. आपल्या घाटात बसाल्टच्या प्रवाहांमध्ये लाल पट्टे दिसतात ना, त्यांना ‘बोल’ (bole) म्हणतात. बहुतेक ठिकाणी खालच्या प्रवाहाचा माथा उघडा राहून कुजला आणि त्यावर पुढचा लाव्हा आला. म्हणजे तिथे मध्ये काळ गेलाय, पण पट्टीच्या जाडीवरून किती गेला ते सांगायला जाऊ नका.

हो, आणि नंबर! आर्किऑलॉजीत लेयर १ सगळ्यात वरचा, जिऑलॉजीत लाव्ह्याचे प्रवाह मोजताना बहुतेक खालून सुरू करतात. दोन्हीकडच्या नोट्स एकत्र वाचणाऱ्यांची यात हमखास वाट लागते.

शॉर्टकटचं म्हणाल तर मोबाइलवर फोटो काढून हॉस्टेलवर सेक्शन ड्रॉ करणं बंद करा, फोटोत ओल दिसत नाही आणि आवाज तर नाहीच नाही. हॅरिस मॅट्रिक्स, म्हणजे कोणता थर आधीचा कोणता नंतरचा हे दाखवणारा तक्ता, तोही सॉफ्टवेअरवर नंतर करा, आधी ट्रेंचच्या काठावर बसून पेन्सिलने. आणि कड जिथे नीट दिसत नाही तिथे तुटक रेघ मारा, बिनधास्त. व्हायव्हाला विचारलं तर दिसली नाही म्हणून सांगा, कोणी खात नाही. पट्टी लावून मारलेली अखंड रेघ बघितली की मात्र एक्स्टर्नल तिथेच बोट ठेवतात.