फिट येणाऱ्या माणसाच्या मनात जीव द्यायचा विचार येत असेल, तर घरच्यांनी काय करावं

खानापूर असो, निपाणी असो की बेळगाव शहर, घरात कुणाला फिट येत असेल तर त्याला विहिरीकडं, चुलीपाशी एकटं सोडत नाहीत. मनाची विचारपूस मात्र राहून जाते. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कच्या मोठ्या अभ्यासात अपस्मार (म्हणजे फिटचा आजार) असलेल्यांमध्ये आत्महत्येचा धोका इतरांच्या सुमारे तिप्पट दिसला. निदानानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत तो आणखी जास्त होता. तेव्हा आजार नुकताच कळला असेल तर थांबू नका.

आधी लक्ष ठेवा. "माझ्यामुळं घराला घोर", "माझं लग्न कसं होणार" असं बोलणं, झोप उडणं, भजनाला जाणं सोडणं. फिट येऊन गेल्यावर काही दिवस मन खचू शकतं. गोळी नवी असेल किंवा डोस बदलला असेल तर चिडचिड, उदासी वाढली का, ते तारखेसह वहीत लिहा. लेव्हेटिरासिटाम या फिटवरच्या औषधानं काहींना असं होतं. तरीही गोळी आपल्या मनानं बंद करू नका. एकदम तोडली तर न थांबणारी फिट येऊन जिवावर बेतू शकतं.

मग सरळ विचारा. हे सगळ्यांत अवघड, पण माझ्या मते सगळ्यांत कामाचं. चारचौघांत नको, दोघंच असताना: "दादा, हल्ली लई गप्प असतोस. जीव द्यावा असं मनात येतं का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. "होय" म्हणाला तर शपथा घालू नका, "पोरांचं काय" म्हणून सुनावू नका. ऐकून घ्या. काही ठरवलंय का, तेही विचारा.

ठरवलं असेल तर क्षणभरही एकटं सोडू नका, 108 ला फोन करा किंवा थेट तातडीच्या विभागात न्या. ठरवलेलं नसलं तरी फवारणीची औषधं घरातून हलवा. फिटच्या गोळ्यांचा साठा दुसऱ्याकडं ठेवून रोजची गोळी हातात द्या. भीतीनं डॉक्टरांपासून काही लपवू नका: 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम 115 असा प्रयत्न केलेल्याला तीव्र तणावाखाली होता असं धरतं आणि शिक्षेपासून वाचवतं.

आपल्या भागात एक अडचण हमखास येते. डॉक्टर कानडीतून विचारतात आणि आपला माणूस "बरं आहे" म्हणून उठतो. दोन्ही भाषा येणारं कुणीतरी सोबत न्या, पण ते त्याच्या विश्वासातलं हवं. भावकीतल्या माणसासमोर तो बोलणार नाही. टेली-मानस या मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 वर रात्री-अपरात्रीही फुकट बोलता येतं, मराठी मागून घ्या. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात कर्नाटक सरकारच्या मनोचैतन्य कार्यक्रमाखाली मानसोपचाराची तपासणी कोणत्या मंगळवारी असते, ते आशाताईंना विचारा.

लग्नाचा घोर असेल तर हेही सांगा: हिंदू विवाह कायद्यातली अपस्माराची आडकाठी 1999 साली काढून टाकली आहे.

पुढच्या तपासणीला वही घेऊन जा आणि मनाचं आधी सांगा, फिटा किती आल्या ते नंतर. गोळी बदलता येते, आणि उदासीवरचं औषध फिटच्या गोळीसोबत डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेता येतं.