पानांचा चहा प्रथमच विकत घेताना

दूध-साखर घालून उकळण्याच्या दाणेदार चहाकडून अखंड पानांच्या चहाकडे वळणाऱ्याने आरंभी दार्जिलिंग, आसाम आणि निलगिरी येथील प्रत्येकी 50 ग्रॅमच चहा घ्यावा. एका कपाला जेमतेम 2 ते 2.5 ग्रॅम पत्ती लागत असल्याने तेवढाही बरेच दिवस पुरतो. पुडीवर तोडणीचा हंगाम दिला असल्यास तो अवश्य वाचावा, कारण दार्जिलिंगची मार्च-एप्रिलमधील पहिली तोडणी हलकी आणि फुलांच्या वासाची असते, तर मे-जूनमधील दुसरी अधिक भरदार असते. सुटा चहा घेताना एक पान बोटांत दाबून पाहावे: कोरडे पान कट्‌कन मोडते, दमटलेले नुसते वाकते.

गोव्यात खरी अडचण साठवणुकीची आहे. पत्ती हवेतील ओलावा आणि शेजारचा वास दोन्ही शोषून घेते. फडताळात सुक्या सुंगटांशेजारी (वाळवलेल्या कोळंबीशेजारी) ठेवलेल्या माझ्या दार्जिलिंगचे पुढे काय झाले, हे सांगायला नकोच. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा वापरावा, आणि पावसाळ्यात तो ओल्या चमच्यापासून जपावा.

काळा चहा उकळत्या पाण्यात 3 मिनिटे, तर हिरवा चहा सुमारे 80 अंशांच्या पाण्यात 2 मिनिटे झाकून ठेवावा आणि पहिला घोट बिनदुधाचाच घ्यावा.