मिठागराच्या पाण्यात मीठ किती, हे कसे काढावे

पेडणे तालुक्यातील आगरवाड्याच्या मिठागरात भरतीचे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात जाता जाता दाट होत जाते. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. मिठाचे खडे धरू लागतात तेव्हा हे प्रमाण त्याच्या सुमारे सातपट झालेले असते. मधल्या वाफ्यातील पाण्यात क्षार नेमके किती, हे शाळेच्या प्रयोगशाळेतही काढता येते.

प्रथम कोरड्या पोर्सेलीनच्या वाटीचे वजन करावे. समजा, ते ६२.४० ग्रॅम भरले. तीत गाळलेले २० मिलिलिटर पाणी घालून पुन्हा वजन करावे, ते ८३.८२ ग्रॅम आले, तर पाण्याचे वजन २१.४२ ग्रॅम होय. हे दुसरे वजन विद्यार्थी हमखास वगळतात आणि २० मिलिलिटर म्हणजे २० ग्रॅम असे धरून चालतात, परंतु खारे पाणी गोड्या पाण्याहून जड असते आणि सगळी चूक तिथेच शिरते. वाटी उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ठेवून पाणी सावकाश आटवावे, कारण थेट आचेवर मीठ तडतडून बाहेर उडते. नंतर वाटी ओव्हनमध्ये वाळवून डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओल शोषणारा पदार्थ ठेवलेल्या झाकणबंद भांड्यात, थंड करावी आणि लागोपाठची दोन वजने सारखी येईपर्यंत हे पुन्हा करावे. गोव्याच्या दमट हवेत उघडी ठेवलेली वाटी पाहता पाहता ओल धरते, म्हणून येथे घाई करू नये.

शेवटचे वजन ६४.५४ ग्रॅम आले, तर क्षार २.१४ ग्रॅम. त्याला २१.४२ ने भागून १०० ने गुणल्यास वजनी प्रमाण सुमारे १० टक्के येते. २० मिलिलिटरने भागून १००० ने गुणल्यास लिटरमागे १०७ ग्रॅम. दोन्ही आकडे बरोबर आहेत, मात्र उत्तरासोबत एकक लिहिलेच पाहिजे. २५० मिलिलिटर पाण्यात किती, असे विचारल्यास १०७ ला ०.२५ ने गुणावे, म्हणजे २६.७५ ग्रॅम मिळतात. २५० चे सरळ १० टक्के काढल्यास २५ येतात, आणि ते चूक आहे.

या क्षारांना निव्वळ सोडियम क्लोराइड समजू नये. त्यात मॅग्नेशियमचे क्षार आणि जिप्समही असतात, आणि मॅग्नेशियम क्लोराइड तर वाळवल्यावरही थोडे पाणी धरून ठेवते. म्हणून उत्तर ‘एकूण विरघळलेले क्षार’ असेच लिहावे. मोलारता, म्हणजे लिटरमागे किती मोल, काढायची असेल, तर बाजारातील शुद्ध मिठाचे द्रावण घेऊन लिटरमागील ग्रॅमना ५८.४४ ने, म्हणजे सोडियम क्लोराइडच्या एका मोलच्या ग्रॅममधील वजनाने, भागावे.