लिंगाच्या ताठरतेच्या तक्रारीसाठी तपासण्या: आधी कोणत्या, केव्हा आणि कशा

डॉप्लरची (लिंगातला रक्तप्रवाह मोजणाऱ्या सोनोग्राफीची) घाई नको. आधी बीपी, कंबरेचा घेर आणि रक्त. उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि लिपिड प्रोफाइल (रक्तातली चरबी) यांतच बऱ्याचदा कारण सापडतं. एचबीए१सी ६.५ टक्के किंवा जास्त आलं तर मधुमेहाचा संशय पक्का समजा. चालू गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवा. बीपीच्या किंवा नैराश्याच्या काही गोळ्यांनीही हा त्रास होतो. मात्र स्वतःहून बंद करू नका.

टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनच्या तपासणीचं रक्त सकाळी ७ ते ११ मध्ये, उपाशीपोटी द्या. दुपारी पातळी उतरते आणि भलताच रिपोर्ट हातात पडतो. ताप किंवा जागरण असेल तर पुढे ढकला. केसांसाठी बायोटिन (एक जीवनसत्त्व) घेत असाल तर लॅबला सांगा, त्याने आकडा चुकतो. ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली आलं तर आणखी एका वेगळ्या दिवशी सकाळी पुन्हा तपासा. एका रिपोर्टवर टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं सुरू करणं चूकच. दोन्हीदा कमी आलं, तर एलएच आणि प्रोलॅक्टिन ही मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीची हार्मोन्स तपासा.

पहाटे ताठरता नीट येत असेल तर नसा-रक्तवाहिन्या बहुधा ठीक असतात.

डॉप्लरमध्ये लिंगात इंजेक्शन देऊन रक्तप्रवाह मोजतात. वेग सेकंदाला २५ सेंटिमीटरपेक्षा कमी म्हणजे धमनीत अडथळ्याची शक्यता. पण घाबरलेल्या माणसात औषध पुरेसं चढत नाही, आणि नसलेली ‘गळती’ (शिरांतून रक्त परत निसटणं) दिसते. म्हणून खोलीत गर्दी नको. घरी गेल्यावर ताठरता ४ तास उतरली नाही, तर थेट इमर्जन्सी गाठा.