ल्युपसमध्ये तिन्ही पेशी खाली आल्या आणि बोन मॅरोच्या रिपोर्टात 'फायब्रोसिस' आलं, तर काय करायचं

माझ्या धाकट्या बहिणीला ल्युपस आहे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार. दोन वर्षांपूर्वी तिच्या बोन मॅरोच्या रिपोर्टात 'मायलोफायब्रोसिस' हा शब्द आला, मी रात्री मोबाईलवर शोधलं आणि रक्ताचा कॅन्सर, ट्रान्सप्लांट, किती वर्षं जगतात असलं सगळं वाचून पहाटेपर्यंत रडत बसले. हा शब्द दोन वेगळ्या आजारांसाठी वापरतात हे तेव्हा कोणी सांगितलंच नाही, म्हणून लिहितेय.

एक म्हणजे प्रायमरी मायलोफायब्रोसिस, तो रक्ताचा कॅन्सरच. दुसरा ऑटोइम्यून, म्हणजे ल्युपसमुळेच हाडातल्या मगजात (बोन मॅरोत) जाळं धरतं, तंतू वाढतात आणि रक्त तयार व्हायला जागाच नीट उरत नाही. हा दुर्मिळ आहे, पण स्टेरॉइडने बऱ्याच जणांना चांगला उतार पडतो. म्हणून आपल्याला कुठला झालाय हे नक्की होईपर्यंत मनाने काही ठरवू नका.

सुरुवात बहुतेक वेळा सीबीसीपासून, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायच्या टेस्टपासून होते. हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट तिन्ही उतरतात. आता ल्युपसमध्ये पेशी कमी व्हायची कारणं ढीगभर आहेत, औषधाचा परिणाम, इन्फेक्शन, बी-१२ कमी, शरीर स्वतःच्याच पेशी फोडतंय असंही असतं, त्यामुळे डॉक्टर आधी कूम्ब्स टेस्ट, रेटिक्युलोसाइट काउंट, एलडीएच असल्या रक्ताच्या टेस्ट सांगतील. त्या टाळू नका. जुने सगळे सीबीसी तारखेप्रमाणे एका वहीत उतरवा, आकडे कधीपासून घसरले आणि त्याच सुमारास कुठलं औषध बदललं हे डॉक्टरांना एका नजरेत कळतं.

मग बायोप्सी, म्हणजे मगज आणि हाडाचा तुकडा काढून तपासणं. कमरेच्या मागच्या हाडातून, पालथं किंवा कुशीवर झोपवून, जागा बधिर करून करतात. आत ओढल्यासारखी कळ येते ती थोडा वेळच, पण येते, पेशंटला खोटं सांगू नका. फायब्रोसिस असेल तर सिरींज ओढूनही मगज येत नाही, त्याला ड्राय टॅप म्हणतात, डॉक्टरांचं काही चुकलं असं नसतं, अशा वेळी हाडाचा छोटा तुकडाच जास्त कामाचा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा, स्वतःच्या मनाने बंद करू नका. पट्टी दिवसभर कोरडी ठेवायची. हाडाचा तुकडा आधी मऊ करावा लागतो म्हणून रिपोर्टला दिवस लागतात, तेव्हा उशीर झाला की घाबरू नका.

रिपोर्ट हातात आला की 'रेटिक्युलिन' हा शब्द शोधा. याच रंगाने तंतू दिसतात आणि ग्रेड ० ते ३ अशी देतात, ३ म्हणजे तंतू सगळ्यात जास्त. आमच्या पहिल्या रिपोर्टात ग्रेडच नव्हती, मग लॅबकडून ब्लॉक (मेणात बसवलेला तो हाडाचा तुकडा) आणि स्लाइड मागून दुसरीकडे दाखवल्या. ब्लॉक मागता येतो हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. त्यासोबत जॅक-२, कॅलआर आणि एमपीएल या जीन टेस्ट होतात. प्रायमरीमध्ये बहुतेकांना यातला एक तरी बदल सापडतो, पण सगळ्यांना नाही, म्हणून नुसत्या निगेटिव्ह रिपोर्टवर डॉक्टर थांबत नाहीत. पांथरी किती वाढलीय हेही सोनोग्राफीत बघतात, प्रायमरीत ती बऱ्याचदा खूप मोठी असते, ऑटोइम्यूनमध्ये नसते किंवा थोडीच. आणि आपल्याकडे टीबी विसरून चालत नाही. मगजातल्या टीबीनेही असं होऊ शकतं आणि टीबी लपलेला असताना स्टेरॉइड सुरू झालं तर तो उसळतो. 'टीबी बघितला का?' हे सरळ विचारा, डॉक्टरांना राग येईल म्हणून गप्प बसू नका.

सगळ्यात जास्त त्रास आम्हाला दोन डॉक्टरांमध्ये धावण्याचा झाला. रुमॅटॉलॉजिस्ट (ल्युपसचे डॉक्टर) म्हणाले रक्तवाल्यांना विचारा, रक्तवाले म्हणाले ल्युपसवाल्यांना. शेवटी मीच दोघांना एकमेकांशी फोनवर बोलायला लावलं आणि त्याच आठवड्यात ट्रीटमेंट ठरली. हे पहिल्याच दिवशी करा.

स्टेरॉइड सुरू झालं की शुगर, बीपी बघत राहायचं, कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी डॉक्टर सांगतील तसं. बरं वाटलं म्हणून गोळी एकदम बंद करायची नाही, डोस हळूहळूच उतरवतात, तो उतरवताना बऱ्याचदा प्रतिकारशक्ती दाबणारं दुसरं औषध जोडतात, उदाहरणार्थ अझाथायोप्रिन किंवा मायकोफेनोलेट. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन (ल्युपसची नेहमीची गोळी) चालू असेल तर त्याची डोळ्यांची तपासणी चुकवू नका.

१०० च्या वर ताप, दम लागणं, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शी, अंगावर लाल ठिपके, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच कॅज्युअल्टीला जा आणि दारातच सांगा की ल्युपस आहे, पेशी कमी आहेत, स्टेरॉइड चालू आहे.

पेशी चढायला काही आठवडे ते महिने लागतात. आमच्याकडे आधी प्लेटलेट चढल्या, हिमोग्लोबिन मागून आलं. पेशी नॉर्मल झाल्या तरी मगजातले तंतू लगेच जातातच असं नाही, त्यामुळे परत बायोप्सी करायची का आणि कधी हे दोन्ही डॉक्टरांना एकत्र विचारा.