गाडी रात्री कुठे उभी असते? विम्याच्या बाबतीत या चुका टाळा

पावसाळा तोंडावर आला की ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतोच. "सोसायटीत आता आत पार्किंग मिळालंय, गाडी रस्त्यावर नसते. पॉलिसीचा हप्ता कितीने कमी होईल?" काहीच कमी होणार नाही, असं सांगितलं की समोरचा हिरमुसतो. आपल्याकडे खासगी कारची पॉलिसी काढताना गाडी रात्री कुठे लावता, हे सहसा कुणी विचारत नाही. पण तीच गाडी बुडाली, चोरीला गेली किंवा तिच्यावर झाड पडलं, की सर्व्हेयर, म्हणजे कंपनीसाठी नुकसानीची पाहणी करणारा माणूस, सगळ्यात आधी विचारतो, "गाडी कुठे लावली होती?" विम्याचं काम करताना मी पाहिलेले बरेचसे अडलेले क्लेम या एका प्रश्नाच्या आसपासचे आहेत आणि त्यातले कितीतरी टाळता आले असते. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

परदेशातला नियम इथे लावू नका

हप्ता कमी होईल ही समजूत इंटरनेटवरून आली आहे आणि ती ब्रिटनपुरती बरोबर आहे. तिथे कोटेशन मागतानाच विचारतात की गाडी रात्री कुठे असते: गॅरेजमध्ये, घरासमोरच्या खासगी जागेत की रस्त्यावर, आणि कोणत्या पोस्टकोडवर. त्यावर हप्ता बदलतो. अमेरिकेतही गाडी जिथे मुक्कामाला असते तो पत्ता धरला जातो. नोकरीसाठी तिकडे गेलेल्या आपल्या मुलांना मी कळकळीने सांगतो की या प्रश्नाचं उत्तर खरंच द्या. हप्ता वाचवायला मित्राचा स्वस्त पोस्टकोड टाकू नका. ब्रिटनच्या २०१२ च्या कायद्यानुसार निष्काळजीपणाने चुकीची माहिती दिली तर क्लेमची रक्कम त्या प्रमाणात कापता येते. जाणूनबुजून दिली असेल तर पॉलिसीच रद्दबातल ठरते.

आपल्याकडे हिशेब वेगळा आहे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता मुख्यतः गाडीची आयडीव्ही (पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत), वय, इंजिनची क्षमता आणि नोंदणीचं ठिकाण यांवर बसतो. मुंबई, पुणे, दिल्ली, बंगळुरू, चेन्नई, कोलकाता, हैदराबाद आणि अहमदाबाद ही आठ शहरं 'अ' विभागात, बाकी सगळा देश 'ब' विभागात. २००७ पासून कंपन्यांना स्वतःचे दर ठरवता येतात, तरी ही विभागणी टिकून आहे. थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याच्या केलेल्या नुकसानीच्या विम्याचा हप्ता तर सरकारच ठरवतं. १००० ते १५०० सीसीच्या कारला २०२२ च्या दराने तो ३,४१६ रुपये आहे, मग गाडी बंगल्यात लावा नाहीतर नाल्याकाठी.

"गाडी तर उभीच असते" म्हणून फक्त थर्ड पार्टी घेणं

निवृत्त मंडळींकडून ही चूक फार होते. गाडी महिन्यातून दोनदा निघते, अपघात कसला होणार, मग पूर्ण विमा कशाला? पण उभ्या गाडीला जे जे होऊ शकतं, म्हणजे पूर, चोरी, आग, झाड कोसळणं, त्यातलं काहीच थर्ड पार्टीत येत नाही. गाडी उघड्यावर किंवा तळघरात लागत असेल, तर ती कमी चालते म्हणून जोखीम कमी होत नाही.

जुना पत्ता तसाच ठेवणं

गाडी एमएच-११, म्हणजे साताऱ्याची, आणि गेली सहा वर्षं उभी पुण्यात. आरसीवर आणि पॉलिसीवर पत्ता गावाकडचा. मोटार वाहन कायद्यानुसार पत्ता बदलल्यावर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. राज्यातल्या राज्यात नंबर बदलावा लागत नाही, फक्त आरसीवरचा पत्ता बदलतो. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी ठेवली तर मात्र तिथली नोंदणी करावी लागते. चोरीच्या क्लेममध्ये कंपनीची कागद मागणारी पत्रं जुन्या पत्त्यावर जात राहतात, मुदत उलटते आणि फाइल बंद झाल्यावर आपल्याला कळतं. आरसीवर पत्ता बदलला की पॉलिसीवरही बदल लेखी नोंदवून घ्या.

पुराच्या पाण्यातून निघालेली गाडी "बघू चालू होते का" म्हणून चालू करणं

इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच बुडतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईने हे पाहिलं. २०१९ च्या सप्टेंबरात पुण्यात आंबील ओढ्याच्या काठच्या सोसायट्यांनी पाहिलं, २०२१ च्या जुलैत चिपळूणने, आणि २५ जुलै २०२४ च्या पहाटे पुण्यातल्याच सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीने. पाणी बहुतेकदा रात्री किंवा पहाटे चढतं, गाड्या पार्किंगमध्ये बंद उभ्या असतात.

बंद उभ्या गाडीत पाणी शिरून झालेलं नुकसान साध्या पूर्ण विम्यात येतं. भानगड पुढे होते. पाणी ओसरल्यावर माणूस खाली येतो, सीट ओल्या आहेत पण बाकी ठीक दिसतंय म्हणून किल्ली फिरवतो. इंजिनच्या सिलिंडरमध्ये पाणी असेल तर पिस्टन हवेसारखं ते दाबू शकत नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो आणि कधीकधी ब्लॉकच फुटतो. कंपनी याला पुराचं नुकसान मानत नाही. नंतरच्या कृतीतून ओढवलेलं नुकसान म्हणते आणि इंजिनचे पैसे नाकारते. माझ्या ओळखीच्या एका काकांनी नेमकं हेच केलं. आतल्या सफाईचे आणि वायरिंगचे पैसे मिळाले, इंजिनचे गेले. गाडी त्यांनी निवृत्तीच्या पैशातून घेतली होती. तो चेहरा मी विसरू शकत नाही.

म्हणून पाणी चढलेलं दिसलं तर हे करा. इग्निशनला हात लावू नका, लाइट किंवा काचा चालतात का हेही तपासू नका. पाणी पूर्ण ओसरल्यावर जमत असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. इलेक्ट्रिक गाडी असेल तर तीही हिंमत करू नका, थेट कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन करा. पाणी कुठपर्यंत होतं त्याची खूण गाडीवर आणि भिंतीवर दिसत असते. नंबर प्लेट दिसेल असे तिचे फोटो काढा. सीटच्या खाली थांबलेलं पाणी आणि डॅशबोर्डपर्यंत चढलेलं पाणी यांत खर्चाचा मोठा फरक असतो आणि सर्व्हेयर तो या खुणेवरूनच ठरवतो. गाडी धुऊन काढायची घाई केली तर हा पुरावा जातो. क्लेम त्याच दिवशी नोंदवा, कारण चिखल वाळला की गंज आणि बुरशी दोन्ही वाढतात. धक्का मारून गाडी चालू करायचा सल्ला देणारे शेजारी भेटतीलच, त्यांचं ऐकू नका. सपाट ट्रॉलीवर चढवूनच वर्कशॉपला न्या. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला तर गाडी पूर्ण नुकसानीत धरली जाते.

तळघरात किंवा नदी-ओढ्याच्या पट्ट्यात गाडी लागत असेल तर इंजिन संरक्षणाचं ॲड-ऑन (जादा पैसे भरून पॉलिसीला जोडायचं संरक्षण) घ्याच. ते सहसा पॉलिसी काढताना किंवा नूतनीकरणालाच मिळतं आणि जुन्या गाड्यांना वयाची अट असते. मे महिन्यात पॉलिसी उघडून बघितलीत तर हातात वेळ राहतो.

किल्लीच्या बाबतीतला निष्काळजीपणा

जागा कमी असलेल्या सोसायट्यांत गाड्या मागेपुढे लावतात आणि किल्ल्या वॉचमनच्या खोलीत खिळ्याला टांगलेल्या असतात. सोयीचं आहे, मान्य. पण पॉलिसीत मालकाने वाजवी काळजी घ्यावी अशी अट असते आणि चोरीनंतर कंपनी दोन्ही किल्ल्या मागते. एखादी किल्ली हरवली असेल तर तेव्हाच पोलिसांत नोंद करा आणि कुलूप बदलून घ्या, पावती जपा. चोरीनंतर "दुसरी किल्ली कधीच हरवलीये" म्हटलं की संशय सुरू होतो.

तरीही किल्लीची चूक झाली म्हणून हातपाय गाळू नका. चावी ट्रकमध्येच राहिली आणि ट्रक चोरीला गेला, अशा प्रकरणात २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्लेमच्या ७५ टक्के रक्कम देववली. कंपनीने सरसकट नकार दिला तर हा मुद्दा मांडता येतो.

सकाळी गाडी जागेवर नसेल तर आधी वाहतूक पोलिसांकडे उचलून नेली आहे का ते विचारा. नसेल तर ११२ ला फोन करा आणि त्याच दिवशी एफआयआर नोंदवा. चोरीसाठी आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३ लागतं. कंपनीला, आरटीओला आणि कर्ज असेल तर बँकेला लेखी कळवा. एफआयआर लगेच झाला असेल तर केवळ कंपनीला उशिरा कळवलं म्हणून क्लेम नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने २०२० मध्ये सांगितलं आहे. गाडी सापडली नाही तर पोलिसांचा अंतिम अहवाल लागतो. महाराष्ट्रात त्याला 'ए समरी' म्हणतात, म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही. तो मिळायला महिने जातात. पोलीस ठाण्यात पाठपुरावा सोडू नका.

"पार्किंग गाडीमालकाच्या जबाबदारीवर" ही पाटी वाचून गप्प बसणं

दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलमध्ये १९९८ साली एका पाहुण्याने किल्ली वॅले पार्किंगला दिली आणि त्याची मारुती झेन चोरीला गेली. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हॉटेललाच जबाबदार धरलं. किल्ली घेऊन गाडी ताब्यात घेतली की स्वतःच्या निष्काळजीपणातून पाटीच्या आडून सुटता येत नाही. म्हणून किल्ली देताना मिळालेलं कुपन फेकू नका. सोसायटीत मात्र आपण गाडी स्वतः लावतो आणि किल्ली खिशात ठेवतो, त्यामुळे "वॉचमन होता ना!" हा युक्तिवाद फारसा चालत नाही.

रात्रीत आलेल्या प्रत्येक ओरखड्याचा क्लेम करणं

समजा रात्री कुणीतरी बंपर फोडून गेलं. बिल ७,००० रुपये, त्यात ४,००० चा प्लॅस्टिकचा बंपर आणि ३,००० मजुरी. झिरो डेप (घसारा कापला जाऊ नये म्हणून घेतलेलं ॲड-ऑन) नसेल तर प्लॅस्टिकवर ५० टक्के घसारा कापतात आणि १५०० सीसीपर्यंतच्या कारला १,००० रुपये सक्तीने आपल्या खिशातून जातात. हातात आले ४,०००. आता नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, ५० टक्के होता आणि मूळ हप्ता १०,००० होता असं धरा. क्लेमनंतर बोनस शून्यावर येतो आणि पुढे २०, २५, ३५, ४५ असा चढत पुन्हा ५० ला पोचतो. हप्ता तेवढाच धरला तर या काळात तुम्ही एकूण १२,५०० रुपये जास्त भरता. अशा वेळी खिशातून दुरुस्त करा.

क्लेम नाकारला गेलाच तर फोनवरच्या नकारावर समाधान मानू नका, कारण लेखी मागा. कंपनीच्या तक्रार कक्षाकडे अर्ज करून ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी तिथे चालतात, फी नाही, वकील लागत नाही. कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. महाराष्ट्रात लोकपालाची कार्यालयं मुंबई, ठाणे आणि पुणे इथे आहेत.